सूरपेटीसाठी बोर्ड कोणता घ्यायचा?

मागच्या महिन्यात आपल्या रेडिओवर आम्ही एलईडी बल्ब जोडण्याच्या कामाबद्दल बोललो होतो. त्यानंतर तीन-चार गावांतून फोन आले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता. 'ताई, तुमच्या गटानं ती भजनाची सूरपेटी केली आहे म्हणे, ती कशी केली ते सांगा.' म्हणून आज सूरपेटीबद्दल. सगळी पेटी एका भाषणात सांगून होणार नाही. ज्या गोष्टीत आमचे पैसे गेले, वेळ गेला आणि थोडी अब्रूही गेली, तेवढीच सांगतो. ती म्हणजे सर्किट कशावर जोडायचं.

आधी एक कबुली. आमच्यात इंजिनिअर कुणी नाही. हे वाचून दाखवणारीनं मराठी घेऊन बी.ए. केलंय. गटातल्या आक्कांची भाची आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड करते, ती आमची गुरू. वयानं सगळ्यांत लहान, पण आम्ही तिला 'मॅडम' म्हणतो. आधी चेष्टेनं म्हणायचो, आता मनापासून म्हणतो.

पेटी हवी कशाला होती, तेही सांगायला हवं. आमचं महिला भजनी मंडळ आहे. पेटी वाजवणारे काका पुरुषांच्या मंडळाचे. त्यांचा हात काळी एकमध्ये बसलेला. पुरुषांच्या गळ्याला ती पट्टी बरी, आम्हाला ती खाली जाते. वरच्या सप्तकात घ्यावं तर गळा ताणतो. बायकांना काळी चार किंवा पांढरी पाच बरी पडते. पण 'पट्टी बदला' म्हणायची सोय नव्हती, कारण काका येत होते हेच उपकार. मग आपल्या पट्टीत नुसता 'सा' आणि 'प' धरून ठेवणारं काहीतरी हवं, असं ठरलं.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप फुकट मिळतं. मिळतं. पण घरात चांगला फोन एकच असतो आणि तो संध्याकाळी कुणाच्या खिशात असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि असलाच हाताशी तर ऐन अभंगात वाजतो. तयार इलेक्ट्रॉनिक तानपुराही मिळतो. बंगळूरच्या राज नारायण यांनी १९७९ साली तो पहिल्यांदा केला आणि आज मोठमोठे गायक तो वापरतात. तो घ्यायला काही हजार रुपये लागतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या खऱ्या तानपुऱ्याची तर गोष्टच वेगळी, त्याच्याशी आमची बरोबरी नाही. आम्हाला हवा होता स्वस्त, दोन स्वरांचा, पिशवीत मावणारा डबा.

विजेपासून सूर काढायची कला जुनी आहे. अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुकला यांनी १९६४च्या सुमारास विजेचा दाब कमी-जास्त करून स्वर हलवणारी यंत्रं बांधली. त्यांना सिंथेसायझर म्हणतात. तसलं एक मूग यंत्र १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आलंही होतं. घरी बसून असले छोटे सिंथेसायझर बांधणारे हौशी लोक जगभर आहेत. आमची सूरपेटी म्हणजे त्या घराण्यातली अगदी धाकटी, अजून रांगणारी.

तिच्या पोटात फार काही नाही. ५५५ नावाची आठ पायांची चिप, म्हणजे आयसी, दहा-पंधरा रुपयांना मिळते. तिच्याभोवती दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावला की ती कपॅसिटर भरते, रिकामा करते, पुन्हा भरते. हे सेकंदाला दोनशे आठ वेळा झालं की काळी चारचा 'सा' ऐकू येतो. 'प' हवा असेल तर दीडपट, म्हणजे तीनशे बारा वेळा. म्हणून 'सा'ला एक चिप, 'प'ला दुसरी. दोन्हींचे आवाज एकत्र करून एलएम३८६ या छोट्या ॲम्प्लिफायरला द्यायचे, तिथून स्पीकरला. ५५५चा आवाज मुळात भोंग्यासारखा कर्कश असतो. दहा हजार ओमचा रेझिस्टर आणि छोटा कपॅसिटर मध्ये घालून त्याची धार घालवावी लागते. पट्टी जुळवायला प्रीसेट, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायचा रेझिस्टर.

हे सगळं कशावर बसवायचं, इथं खरी गोष्ट सुरू होते.

पहिली पेटी आम्ही ब्रेडबोर्डवर केली. ब्रेडबोर्ड म्हणजे भोकाभोकांची पांढरी प्लॅस्टिकची पाटी. पूर्वी परदेशात हौशी लोक घरातल्या पाव कापायच्या लाकडी पाटीवर खिळे मारून रेडिओ जोडायचे, त्यावरून हे नाव पडलं. आताच्या पाटीत भोकांखाली चिमटे असतात. पाच-पाच भोकं आतून जोडलेली असतात, मध्ये एक खाच, त्या खाचेवर चिप दोन्हीकडे पाय टाकून बसते. कडेला लांब ओळी असतात, त्या बॅटरीच्या अधिक-उण्यासाठी. सोल्डर नको, वास नको. चुकलं की उपटा आणि दुसरीकडे खोचा.

आम्ही शिवणकाम करणाऱ्या बायका, म्हणून आम्हाला ते लगेच कळलं. हा कच्चा टाका. ब्लाऊज बेतताना आपण आधी कच्चा दोरा घालतो, अंगाला लावून बघतो, उसवतो. आमची चूक एवढीच की तो ब्लाऊज आम्ही तसाच नेसत्या साडीवर घालून लग्नाला गेलो.

शेजारच्या गावात सप्ताह होता आणि पाचव्या दिवशी आमच्या मंडळाचं भजन होतं. घरी तीन दिवस पेटी सुरेख वाजली होती. ब्रेडबोर्ड एका मिठाईच्या डब्यात चिकटपट्टीनं बसवला आणि जीपनं निघालो. रस्ता कसा आहे ते सांगायला नको. तिथं पोचून बटण दाबलं, दोन्ही स्वर लागले, आमचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या अभंगाला 'सा'च्या प्रीसेटचा पाय भोकातून निसटला आणि 'सा' गेला. 'प' एकटाच राहिला. आमच्या गाणाऱ्या काकूंना ते कळलं नाही. पुढचा अभंग त्यांनी त्या 'प'लाच 'सा' धरून उचलला! सगळं मंडळ पाच स्वर वर. धृपदापर्यंत कसंबसं पोचलो, अंतऱ्याला कुणाचाच गळा पोचेना. मागं बसलेली पुरुषमंडळी हसली. एकजण म्हणाला, 'डबा उघडून पेढा तरी द्या.'

काकू महिनाभर भजनाला आल्या नाहीत. चूक त्यांची नव्हती, आमची होती, हे त्यांच्या घरी जाऊन दोनदा सांगितलं तेव्हा आल्या.

त्यानंतर मॅडमनं पाटी पुढ्यात घेऊन आम्हाला शिकवलं. ब्रेडबोर्डचे चिमटे नाजूक असतात. जाड पायाचा डायोड एकदा त्यात कोंबला की ते भोक कायमचं सैल होतं, मग बारीक पायाचा रेझिस्टर त्यात नुसता टेकून राहतो. मोठ्या पाटीवर कडेची लांब ओळ पुष्कळदा मध्यावर तुटलेली असते आणि वरून ते दिसत नाही. अर्ध्या सर्किटला वीजच पोचलेली नसते आणि आपण चिपला दोष देतो. आम्ही एक दिवस असाच घालवला.

आणखी एक गंमत घरीच झाली होती, तेव्हा तिचा अर्थ कळला नव्हता. 'प'चा प्रीसेट हळूहळू फिरवताना स्वर सरळ सरकायचा नाही, एका जागी येऊन 'सा'ला चिकटल्यासारखा अडकायचा आणि मग एकदम उडी मारायचा. कारण असं की ५५५ प्रत्येक फेरीला विजेचा एक झटका ओढते. दोन्ही चिपांना वीज त्याच सैल चिमट्यांतून येते, म्हणून एकीचा झटका दुसरीला जाणवतो. एका नळावर दोन घरं असली की एकीनं तोटी उघडल्यावर दुसरीची धार बारीक होते, तसं. उपाय म्हणजे प्रत्येक चिपच्या अगदी पायाशी एक शून्य पॉइंट एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि जवळच एक मोठा, शंभरचा. म्हणजे प्रत्येकीच्या दारात आपापला रांजण.

पुस्तकांत ब्रेडबोर्डचा एक दोष फार रंगवून सांगतात. शेजारच्या पट्ट्यांमध्ये काही पिकोफॅरडचा चोरटा कपॅसिटर तयार होतो, असं. ते खरं आहे आणि रेडिओचं काम करणाऱ्याला त्याचा त्रास होतो. आपल्या पेटीत मुळात एक लाख पिकोफॅरडचा कपॅसिटर आहे. घागरीत चार थेंब पडल्यानं काय होणार? आपला शत्रू सैल जोड हाच. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण नको त्या भीतीनं बायका मागं सरतात.

तर सप्ताहानंतर गटाची बैठक झाली. अंतर्गत कर्जातून पंधरा हजार रुपये या कामाला द्यायचे का, असा विषय होता. दोन बाजू पडल्या. एक म्हणाली, आता एकदम छापील बोर्डच करून आणू, कारखान्यातून वीस नग, म्हणजे पुन्हा हसं नको. दुसरी म्हणाली, बंद करा हे, बल्ब बरे. मॅडम दोघींनाही नाही म्हणाली. तिचं म्हणणं होतं की ज्याची घडी अजून बसलेली नाही त्याचा छाप काढायचा नसतो. ठशात चूक राहिली की सगळं ठाण वाया. आम्हाला, खरं सांगायचं तर, तेव्हा तिचा राग आला होता. हातात पैसे असताना हळू चाला म्हणणारं माणूस कुणाला आवडतं?

शेवटी दोन हजारच मंजूर झाले, आणि मधले दोन रस्ते करून बघायचं ठरलं.

पहिला स्ट्रिपबोर्डचा. काही दुकानदार त्याला व्हेरो बोर्ड म्हणतात. मागच्या बाजूला तांब्याच्या लांब समांतर पट्ट्या, त्यांत ओळीनं भोकं, दोन भोकांत अडीच मिलिमीटरचं अंतर. आमच्यातल्या शेतात जाणाऱ्यांना हा सगळ्यांत आधी समजला, कारण त्या म्हणाल्या, या तर उसाच्या सऱ्या! सरीत पाणी सोडलं की ते टोकापर्यंत जातं. मध्ये अडवायचं तर माती ओढून दार धरावं लागतं. इथं दार धरायचं म्हणजे भोकावर ड्रिलचं पातं ठेवून हातानं फिरवायचं आणि तांबं खरवडून काढायचं. चिपच्या खाली प्रत्येक पट्टी अशी तोडावीच लागते, नाहीतर तिचे समोरासमोरचे पाय एकमेकांना जोडले जातात. पहिल्या बोर्डावर आम्ही आठांपैकी तीनच पट्ट्या तोडल्या होत्या, एक चिप तापून गेली. दुसरी अडचण म्हणजे दोन पट्ट्यांत अंतर फार कमी. सोल्डरचा केसाएवढा तंतू मध्ये राहिला तरी दोन सऱ्यांचं पाणी एक. सुईनं प्रत्येक फट खरवडायची आणि मग उजेडाकडे धरून बघायची, ही सवय तेव्हा लागली ती चांगली.

दुसरा रस्ता डॉट बोर्डचा. दुकानात 'झिरो पीसीबी' मागितला तरी हाच देतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पाहिजे त्या मापात मिळतो, तालुक्यालाही मिळायला लागलाय. यात प्रत्येक भोकाभोवती तांब्याचा सुटा ठिपका असतो, काहीच कशाला जोडलेलं नसतं. कुठून कुठं जोडायचं ते आपण ठरवायचं. मैत्रिणींनो, ही तर ठिपक्यांची रांगोळी. आमच्या आक्कांनी वहीच्या चौकटीच्या कागदावर ठिपके काढून संपूर्ण पेटीचा नकाशा एका दुपारी मांडला. तार तारेला ओलांडणार नाही अशी वळणं मॅडमलाही सुचली नव्हती ती त्यांना सुचली. चौथी शिकलेल्या आक्का. एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: भाग वरून बसतात आणि जोड मागून होतात, त्यामुळे मागून बघताना डावं ते उजवं होतं. भरतकामाची उलटी बाजू बघायची सवय असलेल्यांना हे सोपं जातं. तरीही आम्ही मागच्या बाजूचा वेगळा कागद काढतो आणि चिपच्या एक नंबरच्या पायाशी लाल टिकली लावतो.

आम्ही डॉट बोर्ड निवडला. स्ट्रिपबोर्ड वाईट नाही, घाई असेल आणि सर्किट लहान असेल तर तो लवकर होतो. पण पाच जणी एकाच नकाशावरून काम करणार असतील तर रांगोळी बरी, कारण चूक डोळ्यांना दिसते. बोर्ड घेताना तपकिरी स्वस्त नको, हिरवट काचेच्या जातीचा घ्या. तपकिरीवर आयर्न जरा जास्त टेकवली की ठिपका उचकटून हातात येतो. आयर्न पंचवीस वॅटची पुरे. चिप कधीही थेट सोल्डर करू नका, आधी तिची बैठक, म्हणजे सॉकेट, बसवा. आणि स्पीकरची उण्याची तार वेगळी आणि जाड, सरळ बॅटरीपर्यंत न्या. ती चिपांच्या तारेत मिसळली की आवाजात गुरगुर येते.

पट्टी ठरवणारा कपॅसिटर पॉलिएस्टरचा घ्या. चपट्या गोल टिकलीसारखा सिरॅमिक स्वस्त असतो, पण ऊन लागलं की त्याची किंमत बदलते आणि स्वर सरकतो. आम्ही पेटी दुपारी पत्र्यावर ठेवली आणि संध्याकाळी हार्मोनियमशी ताडून पाहिली. दोन स्वर जवळ असले की आवाज 'वाँव-वाँव' असा हलतो. एका सेकंदाला दोनदा हलला तर दोन कंपनांचा फरक. गणित न शिकलेल्या आमच्या काकू नुसत्या कानानं सांगतात, 'अजून हलतंय गं, फिरव.' सिरॅमिकची पेटी खूपच हलली, पॉलिएस्टरची जरा.

मग दुधाच्या गाडीवाल्याला विनंती केली आणि पेटी आठ दिवस रोज डेअरीपर्यंत जाऊन-येऊन फिरवली. एक जोड सुटला, तोही कोरडा सोल्डर होता म्हणून. चांगला डाग चकचकीत आणि उतरता दिसतो, कोरडा मातकट आणि गोळ्यासारखा. आता तपासणीला बसणारी बाई प्रत्येक डागावर बोट ठेवून मोजते.

घरी तांब्याचा पत्रा आणून बोर्ड छापायचाही एक प्रयोग केला. चकचकीत कागदावरची छपाई इस्त्रीनं तांब्यावर उतरवायची आणि उरलेलं तांबं फेरिक क्लोराइडच्या पाण्यात विरघळवायचं. बोर्ड देखणा झाला. पण ते पाणी कपड्याला लागलं तर डाग जात नाही, ॲल्युमिनियमचं भांडं खातं, आणि वापरून झाल्यावर त्यात तांबं उतरलेलं असतं. ते मोरीत ओतायचं नाही, शेतात नाही, विहिरीच्या आसपास तर नाहीच. मग ठेवायचं कुठं? आमच्याकडे झाकणाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये अजून ते बंद करून ठेवलेलं आहे, वर लाल अक्षरात लिहून. घरात लहान मुलं असणाऱ्या गटांनी या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तसंच सोल्डरचं. नेहमीच्या सोल्डरच्या तारेत कथलाबरोबर शिसं असतं. शिसं हाताला लागतं आणि हातातून पोटात जातं. काम स्वयंपाकघरात करायचं नाही, कणीक मळायच्या आधी साबणानं हात धुवायचे, टेबलावर चहा-बिस्कीट नाही. धूर नाकाशी येतो तो फ्लक्सचा, म्हणून खिडकीशी बसायचं. पोटुशी असलेली आणि अंगावर पाजणारी बाई आम्ही सोल्डरला बसवत नाही. या नियमावरून गटात भांडण झालं, कारण एकीचा रोज बुडत होता. तिला तारा कापणं, डबा रंगवणं आणि पट्टी जुळवणं दिलं, रोज तोच. काही जणींना ते पटलं नाही, आजही पटलेलं नाही.

डॉट बोर्डाच्या पाच पेट्या झाल्या. पाचही वेगवेगळ्या मंडळांत चार महिने फिरल्या. तिसरी पेटी बंद करून पट्टी जुळवायला गेलो तेव्हा कळलं की प्रीसेटचा स्क्रू झाकणाच्या आत गेलाय, डबा उघडल्याशिवाय फिरवताच येत नाही. मॅडमनं आमच्याकडे नुसतं पाहिलं. ते वीस छापील बोर्ड आणले असते तर वीसही डबे असेच झाले असते.

आता प्रीसेट कडेला आलाय, बॅटरीची जागा ठरलीय, नकाशा पाच पेट्यांत बदललेला नाही. मागच्या आठवड्यात बैठकीत पहिल्या दहा छापील बोर्डांना मंजुरी मिळाली. त्यासाठीची फाइल मॅडम किकॅड नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर करते आहे, तिची परीक्षा संपली की पाठवेल. तोपर्यंत सहावी पेटी डॉट बोर्डावरच चालू आहे. ती आमच्या गाणाऱ्या काकूंनी स्वतःसाठी मागितली, पैसे हप्त्यानं देणार आहेत. त्यांची अट एकच आहे: 'सा'चा दिवा लाल आणि 'प'चा हिरवा, वेगवेगळे, म्हणजे कोण गेलं ते डोळ्यांनी दिसेल. बसवतोय. दिव्याची तार स्पीकरच्या अलीकडून काढावी की चिपच्या पायापासून, यावर आज सकाळपासून वाद चालू आहे. ज्या गटांना बोर्ड हातात घेऊन बघायचे असतील त्यांनी मंगळवारी दुपारी दोननंतर आमच्या बैठकीला यावं, तिन्ही प्रकारचे ठेवलेले असतील, तो बिघडलेला मिठाईचा डबासुद्धा.